शिलोहाचा बुरूज कोणाच्या पापाने पडला?

१३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये वादळी वारा सुटला आणि एका पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला. १७ माणसं गेली. नियमात जास्तीत जास्त ४० फूट बाय ४० फूट बसत होतं. हा फलक १२० बाय १२० फूट होता.

पहिल्या शतकातल्या यरुशलेमेतही अशीच एक बातमी फिरत होती. शिलोहातला बुरूज पडला आणि त्याखाली १८ जण मेले. लूकच्या शुभवर्तमानाशिवाय या दुर्घटनेची नोंद कुठेही नाही, आणि लूकनेही ती नोंदली ते येशूने तिच्यावर भाष्य केलं म्हणून. ताज्या बातमीवर येशू थेट बोलतो असे प्रसंग शुभवर्तमानांत फार थोडे आहेत. त्यामुळे आजची बातमी विश्वासाच्या नजरेने कशी वाचायची हे शिकायचं असेल, तर लूक १३:१-५ पासून सुरुवात करणं सोयीचं.

काही लोक येशूकडे खरं तर दुसरीच बातमी घेऊन आले होते. रोमी सुभेदार पिलाताने गालील प्रांतातल्या काही माणसांना यज्ञ करत असतानाच मारून टाकलं होतं. येशू त्यात बुरुजाची बातमी स्वतःहून जोडतो. एकीकडे सत्तेने पाडलेला खून, दुसरीकडे अपघात. दोन्हींबद्दल तो एकच प्रश्न विचारतो: मेलेली माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही तोच देतो: नाही. आणि लगेच म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल.

घोळ होतो तो या शेवटच्या वाक्याने. अनेक उपदेशांत ‘नाही’ गाळलं जातं आणि धमकी तेवढी उरते. क्रम नीट पाहिला तर लक्षात येतं की पश्चात्तापाचं बोलणं मेलेल्यांविषयी नाही, बातमी घेऊन आलेल्यांविषयी आहे. ते दुसऱ्याच्या पापाचा हिशोब मांडायला आले होते. येशूने वही त्यांच्याच हातात दिली. त्यानंतर लगेच येतो अंजिराच्या झाडाचा दाखला (१३:६-९). तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, मी आळं खणतो, खत घालतो. म्हणजे जो वाचला तो जास्त पुण्यवान म्हणून वाचला, असंही यातून निघत नाही. त्याला मुदत मिळाली आहे, इतकंच.

कोणत्या रविवारी चर्चमध्ये कोणता उतारा वाचायचा हे ठरवणाऱ्या तीन वर्षांच्या पाठचक्रात हा उतारा ‘क’ वर्षी, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) तिसऱ्या रविवारी येतो. २०२५ ला येऊन गेला, आता २०२८ ला येईल. मात्र आपत्ती पाठचक्र बघून येत नाही, त्यामुळे पाळकाने हा उतारा आधीच पचवून ठेवलेला बरा.

काठी, कर्म आणि ईयोबाचे मित्र

‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांतही सर्रास ऐकू येतं. ‘ज्याचं त्याचं कर्म’ हेही. धर्म बदलला तरी दुःखाचा हिशोब लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि ती फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? जन्मतःच आंधळा असलेल्याने पाप केलं तरी कधी, हा प्रश्न त्यांना पडतच नाही, इतका तो हिशोब पक्का होता. येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावून कामाला लागतो.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. बायबलमध्ये पाप आणि आपत्ती यांना जोडणारे उतारे आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. अनुवाद २८ मध्ये आज्ञा पाळल्यास आशीर्वाद आणि मोडल्यास शाप यांची लांबलचक यादी आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात (४:६-११) देव दुष्काळ, कीड, मरी यांची उजळणी करतो आणि तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत असं पुन्हा पुन्हा म्हणतो. आपत्तीनंतर ‘हा देवाचा कोप’ म्हणणाऱ्यांच्या हातात बहुधा हेच उतारे असतात.

पण हे उतारे कोण, कोणाला उद्देशून बोलतो आहे ते पाहावं. आमोस आपल्याच देवाला मानणाऱ्या इस्राएल राज्याला सुनावतो आहे, तेही ज्यांनी गरिबांना जोड्याच्या मोलाने विकलं त्यांना. बोट आपल्याच घराकडे आहे, आणि घरातही वरच्या मजल्याकडे. परक्या गावात, परक्या धर्माच्या लोकांवर संकट आलं म्हणून लांबून न्यायनिवाडा सुनावणं हे संदेष्ट्यांचं काम नव्हे. योएल तर टोळधाडीवर आख्खं पुस्तक लिहितो आणि लोकांचं नेमकं कोणतं पाप ते सांगतही नाही. सरळ रडायला आणि परमेश्वराकडे वळायला बोलावतो.

शिवाय बायबल स्वतःच या हिशोबाशी वाद घालतं. तो वाद म्हणजे ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट. ईयोबाचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसतात (२:१३). त्यांनी केलेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट. चौथ्या अध्यायापासून ते तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. त्यांचं म्हणणं सुटं सुटं वाचलं तर धार्मिकच वाटतं: देव न्यायी आहे, तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. शेवटी देव त्यांनाच दोष देतो: माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत (४२:७). देवावर ओरडणारा बरोबर ठरला आणि देवाची वकिली करणारे चुकले. आणि एवढं होऊनही, पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं (ईयोबाची परीक्षा घ्यायला सैतानाने देवाची परवानगी मिळवली) ते देव ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही.

लिस्बन, बिहार, किल्लारी

१ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. चर्चमध्ये गर्दी होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंपामागून आग आली आणि समुद्रही शहरात घुसला. गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघी धर्मगुरूने पुढच्या वर्षी पत्रक काढलं की याचं कारण निसर्ग नाही, लोकांची पापं आहेत. शहर पुन्हा उभं करायला निघालेल्या सरकारला ते परवडणारं नव्हतं. पण जे उपासनेला आले तेच ढिगाऱ्याखाली गेले, तर पापाचा हिशोब जुळतो कसा, या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रकापाशी नव्हतं.

ही ओढ फक्त ख्रिस्ती लोकांची नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली. गांधीजींचं बोट आमोससारखं आपल्याच समाजाकडे होतं, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तरी ढिगाऱ्याखाली अस्पृश्यता पाळणारे किती आणि सोसणारे किती, हा प्रश्न उरतोच.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपलेली. सुमारे १०,००० माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. घरं होती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड छतांची. भूकंपाने जमीन हलवली. जीव घेतला तो भिंतींनी आणि छतांनी.

इथे ईशज्ञानातला एक जुना भेद फार उपयोगी पडतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तो नीट मांडला. देव प्रथम कारण आहे: जे काही आहे ते त्याच्यामुळे आहे. पण जगातल्या गोष्टी खरोखर एकमेकांवर परिणाम करतात, ती दुय्यम कारणं. दोन्ही एका पातळीवर नाहीत. ‘देवाने किती आणि निसर्गाने किती’ अशी वाटणी होत नाही, आणि दुय्यम कारण सापडलं म्हणून देवाची जागा कमी होत नाही. याचा व्यवहारात अर्थ असा की भिंत का पडली हे इंजिनिअरला विचारायचं आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या उत्तराच्या जागी वापरले की अन्याय होतो, कारण मग १२० फुटांच्या फलकाचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. घाटकोपरच्या घटनेत पाप नव्हतं असं नाही. होतं, पण ते शोधायचं तर फायलींमध्ये शोधावं लागेल, पंपावर उभ्या असलेल्या माणसांमध्ये नाही.

मग देव सर्वशक्तिमान आणि चांगला असूनही हे का होऊ देतो? ख्रिस्ती परंपरेत याला एक उत्तर नाही. सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मपंडितांपैकी ऑगस्टीनच्या मते वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि त्याचं मूळ स्वतंत्र इच्छेच्या गैरवापरात. खुनाबद्दल हे पटतं, भूकंपाबद्दल अपुरं पडतं. त्याच्याही आधीच्या इरेनियसच्या विचारातून निघालेली धारा म्हणते की माणूस अजून घडतो आहे आणि घडण्यासाठी जगाला कठीणपणा हवा. पण पाळण्यातल्या बाळाचा मृत्यू यात बसवायला गेलं की हे उत्तर क्रूर होतं. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफरने नाझींच्या तुरुंगातून १६ जुलै १९४४ ला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. याने ‘का’ सुटत नाही. देव कुठे उभा आहे तेवढं कळतं, क्रुसावर. बातमी ताजी असताना एवढंच पुरे. पहिली दोन उत्तरं अभ्यासवर्गासाठी राखून ठेवावीत.

काय वाचावं, कोणाला

सर्वांत मोठी चूक इथे होते. लूक १३ मधले कठोर शब्द येशूने बातमी आणणाऱ्यांना सांगितले, मेलेल्यांच्या नातेवाइकांना नाही. मित्र लाजार मेला तेव्हा, त्याची बहीण मरिया समोर रडत असताना, तो आधी स्वतः रडला (योहान ११:३५). तेव्हा तर्क लढवत बसलेल्या मंडळीला लूक १३ आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला विलापस्तोत्र, ही विभागणी पाळावी.

१५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. तरी रविवारी गायली जातात ती बहुतेक स्तुतीची. विलापाचा साचा शिकायला स्तोत्र १३ उत्तम, कारण ते सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तो थेट देवाला विचारलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरेन आणि वैरी हसेल. देवाला कारण देऊन पटवण्याचा हा प्रयत्न आहे आणि बायबलला त्यात काही गैर वाटत नाही. पाचव्या-सहाव्या ओवीत सूर बदलतो, भरवसा येतो. परिस्थिती बदलली असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही.

हा बदल प्रत्येक वेळी येतोच असं नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. ज्याला पाचवी ओवी म्हणवत नाही त्याच्यासाठी ते आहे. त्यावर आशेचं शेपूट जोडू नये.

विलापगीत हे पुस्तक तर आख्ख्या शहराच्या नाशावर आहे. इ. स. पू. ५८७ च्या सुमाराला बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, त्यानंतरचं. पाच कविता आहेत. १, २ आणि ४ मध्ये प्रत्येकी २२ ओव्या, हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यात २२ ओव्या आहेत पण अक्षरक्रम सुटलेला आहे. पुस्तकभर लोक बोलतात, नगरी बोलते. देव स्वतः एक शब्दही बोलत नाही. त्याची दया रोज सकाळी नवी होते हे सर्वांच्या तोंडी असलेलं वचन (३:२२-२३) याच पुस्तकाच्या ऐन मध्यावर आहे. त्याआधी दोन अख्खे अध्याय रडणं आहे आणि नंतरही आहे. भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरमध्ये एवढा एक तुकडा येतो, बाकीचं पुस्तक बाहेर राहतं.

कॅलेंडरचाच विषय निघाला तर यिर्मया २९:११. तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो, हे वचन बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. कोरोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर स्तोत्र ९१ फिरत होतं: तुझ्या बाजूला हजार पडले तरी तुला काही होणार नाही. ज्यांच्या घरात मृत्यू झाला त्यांनी हे कसं वाचायचं? याच स्तोत्राच्या ओव्या रानात सैतानाने येशूला ऐकवल्या होत्या (मत्तय ४:६) आणि हमी म्हणून त्या वापरायला येशूने नकार दिला होता. स्तोत्र भरवशाचं आहे, विम्याचं नाही.

युद्धाच्या बातम्या आल्या की जगाच्या अंताची तारीख काढणारेही जागे होतात. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली होती, हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११. मार्क १३:७ मध्ये लढायांविषयी ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही असं स्पष्ट आहे आणि १३:३२ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं. यावर आणखी शब्द खर्च करण्याची गरज नाही.

रविवारची प्रार्थना कशी लिहावी

आपत्तीनंतरच्या रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना आयत्या वेळी सुचेल तशी करू नये, आधी लिहून काढावी. स्तोत्र १३ चाच क्रम घ्यावा: देवाला हाक, घडलं ते, मागणं, भरवसा. ८० ते १०० शब्द पुरतात. जागेचं नाव घ्यावं, आकडा नक्की असेल तरच सांगावा. देवाला बातमीपत्र वाचून दाखवू नये, आणि प्रार्थनेच्या आडून मंडळीला उपदेश करू नये. ‘आम्हाला वाचवलंस म्हणून आभार’ हे वाक्य लिहिण्याआधी, ज्याचं माणूस गेलं तो मागच्या बाकावर बसला आहे असं समजून एकदा वाचून पाहावं. शेवटी अर्धा मिनिट शांतता ठेवावी. ऑर्गनवाल्याला तसं आधी सांगून ठेवलं नाही तर तो वाजवायला लागतो. नमुना असा:

‘प्रभो, एक चिमणीही तुझ्या नकळत जमिनीवर पडत नाही असं आम्ही ऐकत आलो. घाटकोपरला १७ माणसं फलकाखाली चिरडून मेली. तू कुठे होतास? याचा अर्थ आम्हाला लागत नाही आणि आम्ही ओढूनताणून लावणारही नाही. जखमींना बरं कर. ज्या घरातलं कमावतं माणूस गेलं त्या घराच्या चुलीकडे बघ. ज्यांनी धोका पाहून डोळेझाक केली त्यांना स्वस्थ झोपू देऊ नकोस. आम्ही कुठे डोळेझाक करतो तेही दाखव. तुझ्या दयेशिवाय आम्हाला दुसरं दार नाही. आमेन.’

‘तू कुठे होतास’ हे वाक्य काही मंडळींना टोचेल. ते काढू नये. स्तोत्र २२ ची पहिली ओळ याहून कठोर आहे, आणि ती येशूने क्रुसावर म्हटली.

अंत्युखियाचा हिशोब

प्रेषितांची कृत्ये ११:२७-३० मध्ये अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियात येऊन सांगतो की मोठा दुष्काळ पडणार. तो क्लौद्य कैसराच्या काळात पडला. कोणाच्या पापामुळे, असं तिथे कोणीही विचारत नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांना मदत पाठवायची असं ठरतं आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती ती पाठवलीही जाते. बातमी आणि निर्णय यांच्यात एका ओवीचं अंतर आहे.

महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना सोबत आणलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्याच काळातल्या मिशनांच्या मदतीवर धान्यासाठी माणसं बाटवल्याचा आरोपही झाला, आणि तो नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून मदतीच्या रांगेत पत्रिका वाटू नयेत, नावनोंदणीच्या कागदावर धर्माचा रकाना ठेवू नये. येशूच्या दाखल्यात वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने त्याला असं काही विचारलं नव्हतं.

पैशाची व्यवस्था कशी ठेवायची ते पौलाने लिहूनच ठेवलं आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे बाजूला काढायचं, म्हणजे ऐनवेळी गोळा करत बसावं लागत नाही (१ करिंथ १६:२). रक्कम मोठी असेल तर एकट्याने न्यायची नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत हवीत, म्हणजे कोणी ठपका ठेवणार नाही, आणि हे प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही रास्त दिसलं पाहिजे (२ करिंथ ८:१९-२१). आजच्या मंडळीत याचा अर्थ: वेगळं खातं किंवा निदान वेगळी वही, प्रत्येक देणगीला पावती, मोजायला दोन माणसं, आणि किती जमलं, कुठे गेलं, किती उरलं याचा कागद तीन महिन्यांच्या आत सूचनाफलकावर.